प्रौढांना लेखन-वाचन आणि इंग्रजी शिकवताना : नाशिकमधील स्वयंसेवकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

नाशिक शहरात आणि भोवतालच्या तालुक्यांत लिहिता-वाचता न येणारी किंवा अर्धवट येणारी प्रौढ माणसे आपल्याला रोजच्या वाटेवरच भेटतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मदतनीस म्हणून राबणारी, दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातल्या द्राक्षबागांत मजुरीला जाणारी, गंगापूर रोडवरच्या घरांत स्वयंपाक आणि धुणीभांडी करणारी, पेठ-सुरगाण्याहून कामासाठी येऊन शहराच्या कडेला राहिलेली ही माणसे आपले सगळे व्यवहार स्मरणशक्तीवर आणि दुसऱ्याच्या भरवशावर चालवतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती आणि स्त्रियांची ७५.८७ टक्के, म्हणजे सात वर्षांवरील दर चार स्त्रियांमागे जवळजवळ एकीला वाचता येत नव्हते. शिवाय जनगणनेत कोणाची परीक्षा घेतली जात नाही, घरातल्या व्यक्तीने दिलेले उत्तर नोंदवले जाते. त्यामुळे चौथीपर्यंत शाळेत जाऊन पुढे सगळे विसरलेली व्यक्तीही बहुधा साक्षरांतच मोजली जाते.

अशा प्रौढांना आपल्या वेळातून शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. या कामाला अध्यापनाची पदवी लागत नाही. मात्र लहान मुलांना शिकवण्याची रीत जशीच्या तशी उचलून प्रौढांच्या वर्गात आणली, तर वर्ग महिन्याभरात रिकामा होतो. काय शिकवायचे हे शिकणाऱ्याच्या गरजेवरून ठरवावे, हा या लेखाचा आग्रह आहे आणि पुढची प्रत्येक पायरी त्यातूनच निघाली आहे.

सुरू करण्यापूर्वी

पहिला हिशेब स्वतःच्या वेळेचा करावा. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, दर वेळी सव्वा ते दीड तास आणि किमान सहा महिने, एवढे शक्य असेल तरच सुरुवात करावी. ज्या बाईने नवऱ्याची, सासूची आणि शेजारणींची बोलणी ऐकून पहिल्यांदा पाटी हातात घेतली, तिचा वर्ग स्वयंसेवकाच्या सोयीसाठी बंद पडला, तर ती पुन्हा दुसऱ्या वर्गात येण्याची शक्यता फार कमी असते. म्हणून शक्यतो दोघांनी मिळून एक वर्ग घ्यावा. एकाला अडचण आली तर दुसऱ्याने सांभाळावा, आणि दोघांनी एकच नोंदवही वापरावी.

दुसरी गोष्ट सरकारी योजनेची. केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी मंजूर झाला असून तो ‘उल्लास’ या नावाने ओळखला जातो. १५ वर्षे आणि त्यावरील असाक्षर व्यक्ती त्यात नोंदवल्या जातात आणि शिकवण्याचे काम स्वयंसेवक विनामोबदला करतात. नोंदणी उल्लासच्या अ‍ॅपवर होते. प्रत्यक्षात सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटणे, कारण सर्वेक्षण, नोंदणी आणि पुढची चाचणी हे सगळे शाळेमार्फतच चालते. नोंदणीमुळे शिकणाऱ्याला चाचणीला बसता येते आणि प्रमाणपत्र मिळते. तरीही वर्ग सुरू करण्यासाठी नोंदणीची वाट पाहत बसू नये. शिकवणे आणि नोंदणी दोन्ही बरोबरीने चालू शकतात.

शिकणारे, जागा आणि वेळ

‘निरक्षरांसाठी वर्ग’ अशी पाटी कधीही लावू नये. आपल्याला वाचता येत नाही, ही गोष्ट अनेकांनी वीस-वीस वर्षे मालकापासून आणि स्वतःच्या मुलांपासूनसुद्धा लपवलेली असते, आणि त्या पाटीखालून आत शिरताना गल्लीने पाहावे असे कोणालाच वाटत नाही. ‘लेखन-वाचन वर्ग’ किंवा नुसते ‘संध्याकाळचा वर्ग’ एवढे नाव पुरते. माणसे जोडण्यासाठी अंगणवाडी सेविका, आशा सेविका आणि बचत गटाच्या अध्यक्षा यांच्यासारखा दुसरा आधार नाही, कारण कोणत्या घरात कोणाला अंगठा उठवावा लागतो हे त्यांना ठाऊक असते आणि त्यांच्या शब्दावर घरचे लोक विश्वास ठेवतात.

जागा घराजवळ असावी. समाजमंदिर, शाळेचा वर्ग, अंगणवाडीची खोली किंवा मंदिराचा सभामंडप यांपैकी काहीही चालेल, पण प्रकाश भरपूर हवा आणि बायकांसोबत येणाऱ्या लहान मुलांना बसायला कोपरा हवा. स्त्रियांचा वर्ग अंधार पडण्यापूर्वी सुटावा.

वेळ ठरवताना नाशिकच्या कामाचे ऋतू लक्षात घ्यावे लागतात. घरकाम करणाऱ्या स्त्रियांना दुपारी दोन ते चार मोकळे असतात. कारखान्यातल्या कामगाराची पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून त्यांच्यासाठी एकच धडा सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा घ्यावा लागतो. तेवढी तयारी नसेल तर एकाच पाळीतले कामगार निवडावेत. द्राक्षबागेत जाणाऱ्यांचे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून काढणी संपेपर्यंतचे दिवस कामाने भरलेले असतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी येते. भाताच्या पट्ट्यातली माणसे आवणीसाठी गावी जातात. या गैरहजेरीला आळस समजू नये. वर्षाचे वेळापत्रक आखतानाच ती धरून चालावी आणि जाणाऱ्याच्या हातात घरी वाचता येईल असे एखादे पान द्यावे.

पहिली भेट

पहिल्या भेटीत परीक्षा घेऊ नये. आपले नाव सांगावे, त्यांचे विचारावे आणि गप्पांतून एकच गोष्ट काढून घ्यावी : काय वाचता आले तर तुमचे काम सोपे होईल? उत्तरे फार वेगवेगळी येतात. कोणाला शहर बसची पाटी वाचायची असते, कोणाला मुलीच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा निरोप, कोणाला बँकेत पैसे काढण्याची स्लिप स्वतः भरायची असते, तर एखाद्या आजींना तोंडपाठ असलेले अभंग पोथीत बघून म्हणायचे असतात. हे उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. पुढचे सहा महिने ते पान उघडून पाहायचे आहे.

किती येते हे समजून घेण्यासाठी गप्पा मारतानाच बसचे तिकीट, विजेचे बिल, औषधाची पट्टी आणि मोठ्या मथळ्याचे वर्तमानपत्र समोर ठेवावे आणि त्यांची नजर कुठे थांबते ते बघावे. त्यावरून साधारण तीन प्रकारचे शिकणारे ओळखता येतात : अक्षरओळख अजिबात नसलेले, शाळेत काही वर्षे जाऊन विसरलेले, जे अक्षरे सुटी ओळखतात पण शब्द जुळवू शकत नाहीत, आणि मराठी व्यवस्थित वाचणारे, पण इंग्रजीपाशी अडणारे. या तिघांना एका गटात बसवू नये. दुसऱ्या प्रकारचे लोक भराभर पुढे जातात आणि पहिल्या प्रकारच्या लोकांना वाटते की आपलेच डोके चालत नाही.

डोळ्यांची चौकशी याच भेटीत करावी. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसू लागते. ज्याला कधी वाचायचेच नव्हते त्याला हे कळलेलेही नसते, आणि मग अक्षरे डोक्यात शिरत नाहीत असा समज होतो. वहीचे पान कोणी हात लांब करून धरत असेल, तर धड्याआधी चष्म्याचे बघावे. सरकारी रुग्णालयात किंवा नेत्रतपासणी शिबिरात नेऊन आणणे हाही स्वयंसेवकाच्या कामाचा भाग मानावा.

स्वयंसेवक वयाने लहान असला तर ताई, दादा, मावशी, काका असे संबोधून अहो-जाहो करावे. वयाने मोठा असला तरी अरे-तुरे करू नये. चूक दाखवायची असेल तर ती त्यांच्या मुलांसमोर किंवा शेजाऱ्यांसमोर दाखवू नये. ‘मी अडाणी’ हे शब्द वर्गात वारंवार ऐकू येतात. त्यावर भाषण देण्याऐवजी त्या व्यक्तीला जे येते त्याचा धड्यात उपयोग करावा, एवढे पुरेसे असते.

मराठी वाचन : शब्दाकडून अक्षराकडे

वर्णमाला अ पासून ज्ञ पर्यंत पाठ करून घेणे ही प्रौढांच्या वर्गातली सर्वांत खर्चीक पद्धत आहे, कारण तिच्यात पहिला उपयोगी शब्द वाचायला कित्येक आठवडे जातात. त्याऐवजी शिकणाऱ्याच्या जगण्यातले शब्द निवडावेत, ते फोडावेत आणि मिळालेल्या अक्षरांतून नवे शब्द बांधावेत. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये अंजिकोस या गावी सुमारे ३०० मजुरांना याच तत्त्वावर शिकवले होते, आणि मराठीतली ‘ग म भ न’ अशी अक्षरगटांची जुनी रीतही वर्णमालेचा क्रम मोडूनच चालते. दोन्हींचा मेळ घालता येतो.

घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या गटासाठी एक क्रम येथे सांगतो. पहिला शब्द ‘काम’. तो फळ्यावर मोठा लिहावा, सगळ्यांनी मिळून वाचावा, त्याविषयी दोन मिनिटे बोलावे, मग क, म आणि काना सुटे करावेत. एवढ्यातून काका, मामा आणि मका वाचता येतात. दुसरा शब्द ‘घर’. आता घाम, राम, करार, आणि मुख्य म्हणजे ‘घरकाम’ हा शब्द त्या स्वतः जुळवतात. तिसरा शब्द ‘पगार’. त्याने प आणि ग येतात आणि घागर, गरम, कामगार हे शब्द खुले होतात. तीन शब्द, सहा अक्षरे आणि एक काना एवढ्या भांडवलावर ‘कामगार’ हा शब्द वाचता आला, तर पहिल्या आठवड्यातच वर्गात बसण्याचे कारण शिकणाऱ्याला सापडते. बागेत जाणाऱ्यांसाठी बाग, पाणी, मणी, मजुरी असे शब्द घ्यावेत. रिक्षाचालकांसाठी गाडी, भाडे, चौक. प्रत्येक गटासाठी पंधरा-वीस शब्दांची यादी आधी करावी आणि त्यांतून सगळी व्यंजने व मात्रा येतात की नाही ते तपासून घ्यावे.

मात्रांमध्ये काना, मग वेलांटी, मात्रा, उकार आणि अनुस्वार असा क्रम सोयीचा पडतो. वाचताना पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीचा उच्चार ऐकणाऱ्याला जवळजवळ सारखाच वाटतो, म्हणून लेखनातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पहिले काही महिने सोडून द्याव्यात. ‘पाणि’ असे लिहिले तरी निरोप पोहोचतो, आणि लाल शाईने भरलेली वही दुसऱ्या दिवशी येत नाही. जोडाक्षरे शेवटी घ्यावीत आणि तीही पाट्यांवरून घ्यावीत : प्रवेश, रस्ता, मार्ग, रुग्णालय, स्वच्छ. रफार आणि रकार यांत गोंधळ होतोच, त्यामुळे ‘मार्ग’ आणि ‘ग्राम’ असे शब्द शेजारी शेजारी लिहून दाखवावेत. सातपूर, निमाणी, पंचवटी, नाशिक रोड ही नावे लवकर वाचता येतात. त्र्यंबकेश्वर मात्र राखून ठेवावे.

शब्द जमू लागले की पुस्तक शोधू नये. शिकणाऱ्यालाच बोलायला सांगावे आणि त्याचे बोलणे जसेच्या तसे लिहावे. एखादी ताई म्हणते, ‘मी सकाळी सहाला उठते. गाडी आली की बागेत जाते. दिवसभर विरळणी करते. हात दुखतात.’ ही चार वाक्ये मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवावीत, तिच्यासमोर बोट ठेवून वाचावीत, मग तिने वाचावीत, मग वाक्यांच्या पट्ट्या कापून त्यांचा क्रम लावायला द्यावा, शेवटी शब्द सुटे कापून त्यांतून नवे वाक्य करायला सांगावे. मजकूर तिचाच असल्याने अर्थ आधीपासून ठाऊक असतो आणि सगळे लक्ष अक्षरांकडे देता येते. असे दहा-बारा जणींचे कागद एकत्र शिवले की वर्गाचे वाचनाचे पुस्तक तयार होते, आणि एकीचा कागद दुसरी आवडीने वाचते. पाठ असलेल्या अभंगाचाही असाच उपयोग होतो. फक्त तिथे वाचणे आणि म्हणणे यांतला फरक तपासण्यासाठी मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारावे.

बोलीचा प्रश्न येथेच उभा राहतो. पेठ-सुरगाण्याकडची कोकणा बोली, बागलाण-मालेगावकडची अहिराणी किंवा उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची हिंदी यांना वर्गात पूर्ण जागा द्यावी. ताईने जे वाक्य अहिराणीत सांगितले ते आपण प्रमाण मराठीत बदलून लिहिले, तर कागदावरची भाषा तिची राहत नाही आणि पद्धतीचा सगळा फायदा निघून जातो. आधी तिचे वाक्य लिहावे, तेच वाचू द्यावे, आणि काही दिवसांनी त्याच्याखाली प्रमाण भाषेतले वाक्य लिहून दोन्ही वाचून घ्यावीत. हिंदी भाषकाची लिपी देवनागरीच असल्यामुळे त्याला हिंदी शब्दांनी सुरुवात करून द्यायला काहीच हरकत नाही.

लिहिणे आणि सही

कोयता, कात्री किंवा हातोडा वर्षानुवर्षे धरलेला हात पेन्सिल घट्ट आवळतो आणि पाच मिनिटांत दुखू लागतो. म्हणून पहिले काही दिवस पाटी किंवा फळा वापरावा, जाड पेन्सिल द्यावी आणि एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त लिहायला लावू नये. अक्षर पानभर गिरवून घेण्यापेक्षा तेच अक्षर चार शब्दांत लिहायला सांगणे जास्त फलदायी ठरते.

जवळजवळ प्रत्येकाला आधी सही शिकायची असते, आणि ती आधीच शिकवावी, कारण त्यातून येणारा उत्साह पुढे बरेच दिवस पुरतो. मात्र सहीचे एक चित्र पाठ झाले म्हणजे माणूस साक्षर झाला असे समजून वर्ग तिथेच थांबवू नये. एक सावधगिरी आवर्जून सांगावी : ज्याच्या बँक खात्यावर अंगठ्याचा ठसा नोंदवलेला आहे त्याने एकदम सही करून पैसे काढायला जाऊ नये. सही एकसारखी येऊ लागल्यावर, साधारण दोन-तीन महिन्यांनी, बँकेत जाऊन नमुना सही बदलून घ्यावी आणि मगच ती वापरावी.

अंक

तोंडी हिशेबात ही माणसे पक्की असतात. मजुरीचे दिवस, उसने दिलेले पैसे, किलोचे भाव यांचा हिशेब ती डोक्यात करतात, त्यामुळे बेरीज-वजाबाकी नव्याने शिकवण्यात वेळ घालवू नये. अडचण लेखनात येते. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी उच्चारला जातो, म्हणून २५ च्या जागी ५२ लिहिले जाते. एकशे पाच ऐकून १००५ लिहिले जाते. यावर उपाय म्हणजे खऱ्या नोटा आणि नाणी. शंभराची एक नोट, दहाची एकही नाही आणि एक रुपयाची पाच नाणी अशी तीन रकाने आखलेल्या कागदावर मांडली की शून्याची जागा लगेच समजते. मोबाईलमुळे अनेकांना इंग्रजी अंक मराठी अंकांपेक्षा जास्त ओळखीचे असतात. दोन्ही शेजारी लिहून दोन्ही शिकवावेत, कारण बस, बिल आणि दिनदर्शिका यांवर दोन्ही भेटतात.

इंग्रजी कधी आणि कसे

वर्गातले बरेच जण पहिल्याच दिवशी इंग्रजी मागतात. माझे मत स्पष्ट आहे : मराठीतले साधे वाक्य अडखळत का होईना वाचता येत नाही तोवर इंग्रजी वाचन-लेखन सुरू करू नये. अक्षर म्हणजे आवाज आणि आवाज जोडून शब्द, ही कल्पना देवनागरीत एकदा पक्की झाली की ती रोमन लिपीत नव्याने शिकवावी लागत नाही. देवनागरीत ती सरळ असते, इंग्रजीत मात्र ‘सी’ हे अक्षर कधी क तर कधी स होते आणि काही अक्षरे लिहिली जाऊनही उच्चारली जात नाहीत. बोलण्याचे इंग्रजी मात्र पहिल्या महिन्यापासून चालू शकते, कारण त्याला लिपी लागत नाही.

लिपीची सुरुवात मोठ्या लिपीतल्या, म्हणजे कॅपिटल अक्षरांनी करावी, कारण पाट्या आणि अर्ज त्यांतच असतात. आणि ही अक्षरे शिकणाऱ्यांच्या तोंडी आधीपासून असतात. नाशिकमध्ये रोज उच्चारले जाणारे सीबीएस, एमआयडीसी, एटीएम, ओटीपी आणि एचएएल हे पाच शब्द घेतले तर त्यांतून २६ पैकी १२ अक्षरांची नावे मिळतात. माणसाला नाव माहीत असते, फक्त त्या नावाची खूण कशी दिसते ते दाखवायचे असते. मग पाट्यांवरचे, बोलण्यात रुळलेले शब्द घ्यावेत : बँक, पोस्ट, मेडिकल, लिफ्ट, हॉस्पिटल, टॉयलेट. लहान लिपीतली ‘बी’ आणि ‘डी’ ही अक्षरे उलटसुलट होतात, म्हणून ती एकाच दिवशी शिकवू नयेत. इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून घेण्याची सवय सगळ्यांना असते. ती सुरुवातीला चालू द्यावी, पण महिन्याभराने तो उच्चार पट्टीने झाकून वाचायला सांगावे, कारण डोळा नेहमी सोप्या लिपीकडेच जातो.

बोलण्यासाठी प्रसंग ठरवून घ्यावेत. इंग्रजी माध्यमात मूल घातलेल्या आईची गरज हॉलिडे, फी, मीटिंग, अ‍ॅब्सेंट, युनिफॉर्म अशा मोजक्या शब्दांत आणि शिक्षिकेशी बोलायच्या दोन-तीन वाक्यांत मावते. शाळेच्या ग्रुपवर आलेले खरे निरोपच तिचा धडा समजावेत. रिक्षाचालकाची गरज वेगळी आहे. पंचवटी, त्र्यंबकेश्वर आणि विमानतळाचे ओझर या दिशांना जाणारे परप्रांतीय आणि परदेशी प्रवासी त्याला भेटतात, आणि २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात ही संख्या फार वाढणार आहे. त्याने ‘वेअर टु गो, सर?’, ‘टर्न लेफ्ट’, ‘टू हंड्रेड रुपीज’, ‘प्लीज स्पीक स्लोली’ अशी वाक्ये आधी पाठ करून वापरावीत आणि व्याकरणाकडे नंतर वळावे. हॉटेलात, रिसॉर्टमध्ये किंवा रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी त्यांच्या दिवसभरातले पाच संवाद लिहून घ्यावेत आणि एकाने गिऱ्हाईक, दुसऱ्याने कर्मचारी होऊन ते वर्गात करून दाखवावेत.

वाक्यरचनेत एकच मोठी अडचण आहे : मराठीत क्रियापद शेवटी येते आणि इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ. ‘आय टी ड्रिंक’ असे वाक्य त्यातूनच जन्मते. नियम सांगण्याऐवजी शब्दांच्या तीन पट्ट्या टेबलावर हलवून ‘आय ड्रिंक टी’ असे जुळवावे आणि त्याच साच्यात दहा वाक्ये म्हणवून घ्यावीत. उच्चारात ‘शिप’ आणि ‘शीप’ यांसारखा अर्थ बदलत असेल तिथेच दुरुस्ती करावी. मराठी वळणाने इंग्रजी बोलण्यात काहीही कमीपणा नाही, आणि हे वर्गात स्पष्ट शब्दांत सांगावे.

एका वर्गाची आखणी

पहिली दहा मिनिटे विचारपूस आणि मागच्या वेळचे शब्द, पुढची पंचवीस मिनिटे नवे वाचन, दहा मिनिटे लेखन, पंधरा मिनिटे अंक किंवा इंग्रजी बोलणे, आणि शेवटी कोणीतरी घरून आणलेला खरा कागद, असा सव्वा तास सहज भरतो. हा खरा कागद टाळू नये. विजेचे बिल, रेशनकार्ड, मुलाचे प्रगतिपुस्तक किंवा डॉक्टरांची चिठ्ठी यांपैकी काहीही चालते, आणि त्यातले सगळे वाचता आले नाही तरी नाव, तारीख आणि रक्कम शोधून काढता येतात. गृहपाठ म्हणून वाटेवरच्या दोन पाट्या वाचून येण्यास सांगावे. देशदूतसारख्या स्थानिक वर्तमानपत्राचा एक मथळाही पुरतो.

मोबाईल हे आता वर्गाचे साहित्यच झाले आहे, पण त्याबाबत शिस्त हवी. शिकणाऱ्याचा ओटीपी, पिन किंवा पासवर्ड स्वयंसेवकाने कधीही विचारू नये आणि कोणी आपणहून दाखवला तरी पाहू नये. ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सर्वांसमोर सांगितली की विश्वासही वाढतो आणि फसवणुकीपासून सावध राहण्याचा धडाही होतो. अर्ज भरून देण्याची विनंती येईल. तातडीचे असेल तर मदत करावी, पण नाव आणि तारखेचा रकाना त्यांच्याच हाताने भरून घ्यावा. परवानगीशिवाय वर्गाचे फोटो काढू नयेत, आणि मिळाली तरी समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी पुन्हा विचारावे.

कोणी दोन वेळा आले नाही तर घरी जाऊन विचारपूस करावी, जाब विचारू नये. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात प्रगती थांबल्यासारखी वाटते, कारण सोपे शब्द संपलेले असतात आणि जोडाक्षरे आलेली नसतात. अशा वेळी पहिल्या महिन्यातली वही उघडून तिच्यातले पान वाचायला द्यावे. ज्याला भरपूर सराव करूनही अक्षरांचा क्रम धरता येत नाही, त्याला घाई न करता एकट्याला बाजूला घेऊन, अक्षरे हाताने चाचपता येतील अशी जाड कापून शिकवावे. हळू शिकणाऱ्याची तुलना गटातल्या दुसऱ्या कोणाशीही करू नये.

चाचणी आणि त्यानंतर

उल्लासची पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान मूल्यमापन चाचणी १५० गुणांची असते : वाचन ५०, लेखन ५० आणि संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी झाली. त्या दिवशी शिकणाऱ्यांनी दिवसभरात आपल्या सोयीने शाळेत येऊन तीन तासांत प्रश्नपत्रिका सोडवावी, अशी व्यवस्था होती. प्रश्न सोपे असले तरी बाकावर बसून छापील प्रश्नपत्रिका सोडवण्याची भीती मोठी असते. त्यामुळे आधीच्या महिन्यात तशाच नमुन्याची प्रश्नपत्रिका दोनदा वर्गात सोडवून घ्यावी, नाव आणि आसनक्रमांक लिहिण्याचा सराव करावा आणि चाचणीच्या दिवशी शक्य झाल्यास सगळ्यांना बरोबर घेऊन जावे. चाचणी नको असलेल्यांना आग्रह करू नये.

प्रमाणपत्र हातात आले की वहीचे पहिले पान काढावे आणि त्यावर लिहिलेले काम आता जमते का, ते एकत्र बसून पाहावे. जमत नसेल तर वर्ग तेवढ्यासाठी चालू ठेवावा. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत, दहावीला खासगीरीत्या बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज आहे, आणि बारावीनंतरच्या शिक्षणासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. अर्जांच्या मुदती दर वर्षी बदलतात, म्हणून पावसाळा सुरू होताच जवळच्या शाळेत चौकशी करून ठेवावी. ज्यांना परीक्षा नको पण वाचायचे आहे, त्यांना नाशिकच्या १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात एकदा सोबत न्यावे, सभासदत्वाचा अर्ज त्यांनाच भरू द्यावा आणि मोठ्या टायपातले पातळ पुस्तक निवडायला मदत करावी. स्वयंसेवकाला स्वतःला वर्ग सोडायचा असेल, तर त्याने महिनाभर आधी सांगावे, नव्या स्वयंसेवकाला दोन-तीन वर्गांत सोबत बसवावे आणि कोणी कोणत्या अक्षरापर्यंत आले आहे, कोणाला चष्मा लागला आहे, कोणाची कोणत्या आठवड्यात कोणती पाळी असते, हे सारे नोंदवहीत लिहून ती त्याच्या स्वाधीन करावी.